गरुडाचा कायदा झोपडीला, परवाना कंपनीला

बोरिवली ते मुलुंड पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानावर सर्पगरुड घिरट्या घालतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला कवच आहे. पण हा कायदा चालतो कुणावर?

१९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातील झोपड्या हटवायला सांगितल्या. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या कुटुंबांनी पुनर्वसनासाठी सात हजार रुपये भरायचे, बाकीच्यांवर बुलडोझर. पैसे भरूनही अनेकजण घराची वाट पाहत राहिले. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री मालाडच्या पिंपरीपाडा-आंबेडकर नगरात जलाशयाची भिंत कोसळली, तेव्हा वनजमिनीवर ताटकळलेली अशीच माणसे चिरडली गेली.

आणि त्याच उद्यानाच्या पोटातून ठाणे-बोरिवली व गोरेगाव-मुलुंड रस्त्यांचे बोगदे! १३ जुलै २०२४ रोजी पंतप्रधानांनी गोरेगावात पायाभरणी केली. इथे जंगल आडवे आले नाही. झोपडीला आदेश, प्रकल्पाला अटींसह परवानगी.

खाणीत तर हे उघडेनागडे दिसते. गडचिरोलीत एटापल्लीच्या सुरजागड डोंगरावर लॉइड्स मेटल्सला वर्षाला ३० लाखांऐवजी १ कोटी टन लोहखनिज काढण्याची पर्यावरण मंजुरी २०२३ मध्ये मिळाली. त्याआधीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली, पण डोंगराखालच्या गावांत नव्हे, दूर जिल्हा मुख्यालयात. जनसुनावणीत जनच नाही! कागदोपत्री रीत ठरलेली आहे: संरक्षित गरुड आढळला तर संवर्धन आराखडा जोडा आणि खोदा.

आपल्यातले काही म्हणतात, पक्षी वाचवणे हा पोटभरल्यांचा छंद. मित्रांनो, ज्या सहीने घरटे पडते त्याच सहीने माडिया आदिवासीचे रानही जाते. गरुडाला पंख आहेत, तो दुसरे झाड शोधेल. माणूस मात्र शहरात येऊन पुन्हा 'अतिक्रमण' ठरतो.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे मांडले. संविधानाचे कलम ३९(ब) सांगते की भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हितासाठी विभागले जावे. डोंगर कंपनीला आणि धूळ गावाला, ही कुठली विभागणी?

म्हणून मागणी स्पष्ट ठेवा. सुनावणी गावातच, गावाच्या भाषेत. पेसा आणि २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आधी ग्रामसभा, मग परवाना. आणि मुंबईत घर दिल्याशिवाय एकही झोपडी पाडायची नाही. परवान्याची प्रत माहिती अधिकारात मागा, वस्तीत मोठ्याने वाचा. न वाचलेला कागदच आपल्याला उठवतो.

जय भीम! जय संविधान!