धरणाकाठचे प्लॉट : आधी गावाला विचारा

आपल्या वावरात चार प्लॉट पाडायचे म्हटले, तर शेतकऱ्याला एनेसाठी तलाठ्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत चपला झिजवाव्या लागायच्या. मुळशीत वरसगाव धरणाकाठी लवासा झाले तेव्हा उलटाच न्याय! धरणाच्या नावाने घेतलेल्या जमिनीतली १४१ हेक्टर कृष्णा खोरे महामंडळाने २००२ साली कंपनीला भाड्याने दिली. २००८ साली नियोजन प्राधिकरणही कंपनीच झाली. म्हणजे नकाशा काढणारी तीच, मंजूर करणारीही तीच. २०१७ साली सरकारने तो अधिकार काढला, तोवर डोंगर फोडून झाले होते.

गंगापूर धरणाचे पाणी नाशिक शहर पिते, शेतीही त्यावर आहे. काठावर रिसॉर्ट, फार्महाऊस आलेच आहेत. शेतकऱ्याने स्वतःची जमीन भाव पाहून खुशाल विकावी, आमची आडकाठी नाही. पण धरणासाठी सक्तीने घेतलेल्या जमिनीवर बंगले का म्हणून?

महानगर प्राधिकरणाने लेआउट मंजूर करण्याआधी नकाशा ग्रामसभेत मांडावा. सांडपाणी कुठे सोडणार? नळाला पाणी कुणाच्या वाट्याचे? शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, येत्या ग्रामसभेत हे प्रश्न लेखी द्या आणि ठरावाची नक्कल हातात घेतल्याशिवाय उठू नका.