तळहाताएवढा आधार

गाडी घेताना घरातली मंडळी रंग बघतात, मायलेज विचारतात, डिकीत किती सामान मावेल याचाही अंदाज घेतात. टायर मात्र सहसा कोणी वाकून बघत नाही. खरे तर चालती गाडी जमिनीला टेकलेली असते ती फक्त चार ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम तळहाताएवढी! वेग घेणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे या चार तळहातांच्या भरवशावर चालतात. बाजारहाट आणि ऑफिसच्या फेऱ्यांत याची जाणीव होत नाही. ‘ट्रॅक डे’ला मात्र पहिल्याच वळणावर होते.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. ठरावीक शुल्क भरून, हेल्मेट घालून आपलीच गाडी बंदिस्त ट्रॅकवर मनसोक्त पळवण्याचा तो दिवस. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे, कोईमतूरला करी मोटर स्पीडवेवर आणि २०११ मध्ये सुरू झालेल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर असे दिवस होत आले आहेत. रस्त्यावर जीव धोक्यात घालण्यापेक्षा तरुणांनी वेगाची हौस इथे भागवावी, हे केव्हाही चांगले. मात्र त्यासाठी टायर आणि त्यातली हवा, या दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात.

नवे टायर घेण्याआधी

रोजच्या वापराचे टायर कडक रबराचे असतात. ते पुष्कळ किलोमीटर टिकतात, पण जोरात वळताना लवकर घसरतात. ‘परफॉर्मन्स’ टायरचे रबर मऊ असते. ते रस्त्याला घट्ट धरते आणि तितक्याच लवकर झिजते. पकड हवी तर आयुष्य कमी, हा हिशेब कोणत्याच कंपनीला चुकलेला नाही.

बऱ्याच टायरच्या बाजूवर ‘ट्रेडवेअर’ असा एक आकडा कोरलेला असतो. आकडा जितका लहान, तितका टायर लवकर झिजणारा आणि बहुधा अधिक पकडीचा. रोजच्या टायरवर तो ३००, ४०० किंवा त्याहूनही जास्त दिसतो, तर ट्रॅकच्या हौशी मंडळींची पसंती २०० च्या आसपासच्या टायरना असते. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायलाच तो खरा उपयोगी.

त्याच ठिकाणी वेगमर्यादेचे अक्षरही असते. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर, ‘व्ही’ म्हणजे २४०. शेवटचे चार आकडे टायरची जन्मतारीख सांगतात. ‘३२२३’ म्हणजे २०२३ सालचा ३२ वा आठवडा. दुकानदार ‘अगदी नवा माल आहे’ म्हणाला, तरी हे चार आकडे स्वतः वाचावेत. जुने रबर दिसायला काळेभोर असले, तरी आतून कडक होत जाते.

पहिल्या दोन-तीन वेळा मात्र महागडे टायर घेण्याची गरज नाही. नक्षी शाबूत असलेले, कुठे फुगवटा किंवा चीर नसलेले साधे टायर पुरतात. सुटण्याआधी ते किंचाळून इशारा देतात आणि शिकणाऱ्याला तो इशाराच हवा असतो. वाचलेले पैसे नव्या ब्रेक ऑइलवर आणि ब्रेक पॅडवर खर्च करावेत.

हवेचे गणित

गाडीला किती हवा हवी, याचा तक्ता बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. तो आकडा थंड टायरचा असतो. टायर तापला की आतली हवा प्रसरण पावू पाहते आणि दाब वाढतो. साधारण सहा-सात अंशांमागे एक पीएसआय, असे ढोबळ गणित. सकाळी २५ अंशांना ३२ पीएसआय भरलेला टायर ट्रॅकवर ७० अंशांपर्यंत तापला, तर दाब ३९ च्या घरात जातो. टायर मध्यभागी फुगतो, कडा नीट टेकत नाहीत आणि पकड कमी होते.

म्हणून सुरुवात तक्त्यातल्या आकड्यापासून करावी. चार-पाच फेऱ्या मारून आत यावे आणि लगेच स्वतःच्या गेजने दाब मोजावा. वाढलेली हवा एकदम न सोडता एक-दोन पीएसआयने कमी करावी आणि पुन्हा फेरी मारून बघावी. किती कमी करायची, हे टायरच सांगतो. फेरीआधी टायरच्या कडेवरून बाजूपर्यंत खडूची रेघ ओढावी. रेघ बाजूपर्यंत पुसली गेली, तर टायर कडेवर लोळतो आहे, म्हणजे हवा कमी आहे. कडेच्या बऱ्याच आत खडू तसाच राहिला, तर हवा जास्त आहे. गाडीचे वजन, तिची बनावट आणि दिवसाचे ऊन बदलले की आकडा बदलतो. त्यामुळे मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या वहीत उतरवून घेण्यात अर्थ नाही.

नायट्रोजन भरला की ही कटकट संपते, असा एक समज आहे. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा असला तर तो कोरडेपणाचा. गरम झाल्यावर नायट्रोजनचाही दाब वाढतोच.

माघारीतही शहाणपण

१९ जून २००५ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे फॉर्म्युला वनची शर्यत होती. सरावात मिशेलिनच्या टायरनी दगा दिला होता आणि वेगवान, उताराच्या वळणावर ते शर्यतभर टिकतील याची हमी देण्यास कंपनी तयार नव्हती. शर्यतीपूर्वीची फेरी संपताच मिशेलिनचे टायर लावलेल्या १४ गाड्या मुकाट्याने आत वळल्या. ब्रिजस्टोनचे टायर असलेल्या अवघ्या सहा गाड्या धावल्या. भारताचा नरेन कार्तिकेयन त्या सहांत होता आणि तो चौथा आला. प्रेक्षक संतापले, पण १४ चालक धडधाकट घरी परतले. जगातल्या उत्तम चालकांना जे करण्यात कमीपणा वाटला नाही, ते हौशी माणसाला का वाटावे? टायरवर फुगवटा दिसला किंवा स्टीअरिंगला अचानक थरथर जाणवली, तर शुल्क वाया गेले तरी चालेल. गाडी आत घ्यावी.

खरी परीक्षा परतीची

ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी जागा असते, झेंडे घेऊन माणसे उभी असतात, ॲम्ब्युलन्स तयार असते. घरी परतण्याच्या रस्त्यावर यातले काहीच नसते. पुण्याहून चेन्नईचा ट्रॅक गाठायचा, तर एका बाजूने ११०० किलोमीटरहून अधिक अंतर होते. कित्येकदा सोबत बायको-मुलेही असतात.

नेमकी इथेच चूक होते. दुपारी ३९ वरून ३५ वर आणलेला तोच टायर रात्री गार झाला, की दाब २८-२९ वर उतरतो. अशा कमी हवेच्या टायरची बाजू हायवेच्या वेगात सतत दुमडते, आतून तापते आणि सामानाने भरलेल्या गाडीचा टायर फुटू शकतो. नक्षी जवळजवळ नसलेले ट्रॅकचे टायर असतील आणि पाऊस आला, तर पाणी बाजूला सारायला खाचाच नसतात. गाडी पाण्यावर तरंगत जाते.

तेव्हा ट्रॅक सोडण्यापूर्वी टायर गार होऊ द्यावेत. तोवर चहा घ्यावा. मग हवा पुन्हा तक्त्याप्रमाणे, भरल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर त्याप्रमाणे भरावी. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवावा, नट घट्ट आहेत ना ते पाहावे, स्टेपनीतली हवाही तपासावी. या कामाला अर्धा-पाऊण तास लागतो. घरच्यांनी ‘किती उशीर?’ असा फोन केला, तर ‘हवा भरतोय’ असे निःसंकोच सांगावे.