औषध मदुराईत, पथ्य आपल्या घरात

मागच्या सोमवारी एक आजी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. महिन्यातली ही तिसरी खेप. छातीत घरघर, रात्री खोकल्याची उबळ. मी विचारले, "आजी, खोकला नेमका कधी वाढतो?"

"संध्याकाळी हो, डॉक्टर. गल्लीच्या तोंडाशी कचरा पेटवतात ना, तेव्हा."

निदान आजींनीच केले होते! मी पंप लिहून दिला. पण पंपाने मुलाचा श्वास मोकळा होतो, ढिगारा विझत नाही.

त्या ढिगाऱ्यात काय जळते? दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅगा, पाइपचे तुकडे, वायरींची वेष्टणे. प्लास्टिक असे अर्धवट जळले की काजळीचे अतिसूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. पाइप, वायरी पीव्हीसीच्या असतील तर डायॉक्सिनसारखी विषेही तयार होतात. हे सूक्ष्म कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. लहान मुले, गर्भवती स्त्रिया, दमेकरी आणि हृदयरोगी यांना त्याचा त्रास सर्वाधिक.

या दुखण्यावरचे एक औषध डॉक्टरांनी नव्हे, मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी शोधले. रस्त्याची खडी साधारण १७० अंशांपर्यंत तापवायची, तिच्यावर प्लास्टिकचा बारीक चुरा टाकायचा. चुरा वितळून खडीला पातळ लेप बसतो. मग नेहमीप्रमाणे डांबर मिसळायचे. लेप बसलेली खडी पाणी कमी शोषते, डांबर तिला घट्ट धरते आणि खड्डे कमी पडतात. एकपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरला सुमारे एक टन प्लास्टिक लागते. २००६ साली या पद्धतीला पेटंट मिळाले, २०१८ साली वासुदेवन यांना पद्मश्री.

"डॉक्टर, तापवल्यावर विष निघणार नाही का?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. वितळणे आणि जळणे यांत फरक आहे. पिशवीचे प्लास्टिक १३०-१४० अंशांच्या आसपास मऊ होते. त्याचे विघटन व्हायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून तापमानावर काटेकोर लक्ष हवे आणि पीव्हीसी त्यात मुळीच जाता कामा नये. कंत्राटदाराने यात हयगय केली, तर औषधाचेच विष होईल.

डांबरी रस्त्यांत टाकाऊ प्लास्टिक वापरण्याच्या सूचना केंद्र सरकारने २०१५ सालीच दिल्या. तरी आपल्या गल्लीतला ढिगारा जळतोच आहे. का? कारण या पद्धतीला कोरडे, स्वच्छ प्लास्टिक लागते आणि आपण कालची आमटी पिशवीत भरून, वर गाठ मारून फेकतो. ती गाठ सोडून पिशवी धुणार कोण? शेवटी काडीपेटीच स्वस्त पडते.

औषध कितीही गुणकारी असले तरी पथ्य पाळल्याशिवाय गुण येत नाही, हे मी रोज रुग्णांना सांगतो. इथले पथ्य साधे आहे. स्वयंपाकघरात दोन बादल्या ठेवा. दुधाची पिशवी विसळून, वाळवून सुक्या कचऱ्यात टाका. उरलेले अन्न पिशवीत बांधू नका. पाइप आणि वायरींचे तुकडे वेगळे ठेवा. आणि अंगणात, रस्त्यावर कचरा पेटवू नका, पेटवू देऊ नका. रस्ते होतात म्हणून वाटेल तेवढ्या पिशव्या वापराव्यात, असा मात्र अर्थ काढू नये. बाजारात जाताना कापडी पिशवी न्यावीच.

नगरपालिकेनेही चुरा करण्याचे यंत्र घ्यावे आणि रस्त्याच्या निविदेत ही अट घालावी. आपल्या नगरसेवकांना एवढे जरूर विचारा. त्या नातवाला वर्षभर पंप ओढायला लावण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.