दुकानामागील विहार

विहार म्हटले की जैन घरात डोळ्यांपुढे येतात ते चातुर्मास संपवून अनवाणी निघालेले साधु-साध्वी. बौद्धांच्या बोलण्यात हाच शब्द मुक्कामाचा आहे. भिक्खू जेथे वर्षावासासाठी राहत, ती जागा म्हणजे विहार. लातूरच्या एका आडत दुकानामागे असा एक लहानसा विहार ३२ वर्षे उभा आहे. त्यावरील पंचरंगी ध्वज दुकानाच्या गच्चीवरून दिसतो. आडतदार मात्र कधी आत गेले नव्हते.

निमंत्रण नव्हते असे नाही. दुकानातील तोलारमामा दर बुद्धपौर्णिमेला आठवण करीत आणि दरवर्षी लग्नसराई, बाजारातील आवक, पाहुणे असे काही तरी निघे. खरे कारण घरात कोणी उच्चारीत नसे. वडिलांच्या काळी या वस्तीतील हमालांची मजुरी हातात न देता फळीवर ठेवली जाई आणि पाण्याचा पेलाही निराळा असे. गादीवर आल्यावर आडतदारांनी तो पेला बंद केला व त्याचा थोडा अभिमानही बाळगला. पुढचे पाऊल राहून गेले.

यंदा मामा निवृत्त झाले होते. पौर्णिमा आली, पण आठवण आली नाही. तेच आडतदारांना लागले. संध्याकाळी सहाला पिशवीत हार आणि नारळ घेऊन ते एकटेच निघाले.

आत ना घंटा होती, ना आरती, ना नारळ फोडण्याची जागा. नारळ पिशवीतच राहिला. बुद्धमूर्ती पद्मासनात होती. छातीवर श्रीवत्स शोधणारी त्यांची नजर खांद्यावरच्या चीवरापाशी थांबली. शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर, पुढे मेणबत्त्या, आणि शुभ्र वस्त्रांत बसलेली माणसे. त्यांतील निम्मे चेहरे रोजच्या गिऱ्हाइकांचे होते. मागच्या सतरंजीवर जागा करून देण्यात आली.

वंदना पाली भाषेत सुरू झाली. त्रिशरण झाले, पंचशील आले, आणि प्रतिक्रमणाची सवय असलेला कान एकदम जागा झाला. त्यांचा ‘पाणाइवाय’ येथे ‘पाणातिपात’ होता. ‘अदिन्नादाण’ तर जवळजवळ तसाच, ‘अदिन्नादान’. न दिलेले घेऊ नये. ते म्हणताना पुढच्या रांगेत मामांचे हात जोडलेले दिसले.

अस्तेय व्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे कमी-अधिक मापाने देणे-घेणे, मोजले आहे; व्यापारी घरात हे लहानपणीच कानावर पडते. फार वर्षांपूर्वी हंगामाच्या गर्दीत पोत्यामागे कडता वाढवून लावण्याची खूण मुनिमांनी केली होती. मामांनी काटा दाखवील तेच लिहिले. त्या दिवशी त्यांना घरी पाठवण्यात आले, मजुरीही बुडाली. आडतदार तेव्हा गादीवरच बसलेले होते आणि वहीत मान घालून राहिले होते. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, पण तो दिवस वहीतून कोठेच वजा झाला नव्हता.

चौथे शील संपले. पाचवे अपरिग्रहाचे असेल, अशी त्यांची अपेक्षा होती. येथे पाचवे शील मद्यत्यागाचे निघाले. ते म्हणताना स्त्रियांच्या रांगेतील स्वर स्पष्ट चढला. आडतदारांच्या घरात मद्य कधी शिरले नव्हते, तेव्हा हे शील त्यांना काहीच न देता पाळता येण्याजोगे होते. अवघड पडते ते पाचवे व्रत त्यांच्याच मंदिरात होते.

शेवटी ‘साधु, साधु, साधु’ असा घोष झाला, तेव्हा कोणी मुनिमहाराज आले की काय म्हणून ते क्षणभर दाराकडे वळले. शेजारच्या मुलाला हसू आवरले नाही, मग त्यांनाही.

बाहेर खिरीची पातेली झाकून ठेवलेली होती. वाटप भाषणांनंतर, आठ वाजता होणार होते. मामा लगबगीने आले.

“शेठजी, तुम्ही आलात!” एवढेच म्हणून ते आत गेले व झाकलेली एक वाटी घेऊन आले. “तुमचा चौविहार असतो. तुमचा वाटा दरवर्षी दिवस मावळायच्या आत काढून ठेवतो.”

“दरवर्षी?”

“मग! याल न याल, काय नेम? उशीर झाला की नातवंडे खातात.”

आडतदारांनी घड्याळ पाहिले. सूर्यास्ताला बारा मिनिटे होती. मामांच्या हातातून वाटी घेऊन ते विहाराच्या पायरीवरच बसले.

“मामा,” ते म्हणाले, “त्या कडत्याच्या दिवशी मी तेथेच होतो.”

“ठाऊक आहे,” मामा म्हणाले. “खा आधी. दिवस चाललाय.”