निळा लाइट आणि ९०० रुपये

रविवारची सकाळ. 'आज काहीही करायचं नाही' असा दणदणीत प्लॅन आखून मी उशीत डोकं खुपसलेलं, तेवढ्यात मोबाइल वाजला. मावशी!

"उठली का गं? आमच्या चिरंजीवांना कॉलेजसाठी कॉम्प्युटर पाहिजे. बरं, आयता नको म्हणे. सुटे पार्ट आणून घरीच बनवतो म्हणते. हे काय नवीन खूळ आहे ते तू बघ बाई एकदा. तू पत्रकार आहेस, तुला सगळं कळते."

पत्रकाराला सगळं कळतं हा गैरसमज फक्त नातेवाइकांचा असतो बॉस, एडिटर लोकांचा नसतो. पण मावशीला 'नाही' म्हणायची आमच्या खानदानात कुणाची टाप नाही. दुपारी मी तिच्या घरी हजर.

आमचे मावसबंधू म्हणजे वय वर्षं १८, सीईटी नावाची लढाई नुकतीच मारलेली, नागपुरातच इंजिनीअरिंगला अ‍ॅडमिशन पक्की आणि कॉलेज सुरू व्हायला ३ आठवडे. बजेट ६५ हजार. त्यातले ४० हजार मावशीच्या भिशीचे, हे तिने मला किचनमध्ये नेऊन हळूच सांगितलं. बंधुराजांची लिस्ट मात्र वेगळ्याच दुनियेत फिरत होती. चारी बाजूंनी काचेचं कॅबिनेट, ६ रंगीत पंखे, भलंमोठं ग्राफिक्स कार्ड. टोटल लाखाच्या पार. आता हे गणित ६५ हजारांत बसवायचं कसं? त्याने मस्त शक्कल काढलेली. बाकी सगळं थोडं-थोडं कापायचं आणि एसएमपीएस घ्यायचा एकदम स्वस्तातला.

"त्याचं काय ताई, तो तर आत असतो ना. दिसत थोडीच!"

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. म्हणजे, मीच म्हटलं होतं. २०१६ साली, बर्डीतल्या एका दुकानात, बाबांना.

तेव्हा माझी बारावी झालेली, मास कम्युनिकेशनला जायचं ठरलेलं. व्हिडिओ एडिटिंग करायचं म्हणजे दणकट मशीन हवं, आणि तेवढ्या ताकदीचा लॅपटॉप आमच्या आवाक्यात नव्हता. बाबांनी एक आरडी मोडली. ३२ हजार रुपये, एक डायरी आणि कापडी पिशवी घेऊन आम्ही बापलेक बर्डीला गेलो. प्रोसेसर आय-थ्री, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. सगळं जमलं, पण शेवटी माझी नजर एका कॅबिनेटवर पडली. पुढे निळा लाइट! बाकी कॅबिनेटं त्यापुढे एकदम गोदरेजच्या कपाटासारखी. फरक होता ९०० रुपयांचा. दुकानदार म्हणाला, चांगल्या कंपनीचा एसएमपीएस सोडा, या कॅबिनेटसोबत येणारा साधा लावा, हिशोब बरोबर बसते. बाबांनी विचारलं, "चालेल ना पण तो?" दुकानदार म्हणाला, "काका, काहून टेन्शन घेऊन राहिले? सगळे हाच नेतात." आणि मी ते ऐतिहासिक वाक्य बोलले.

निळा लाइट जवळपास ३ वर्षं झकास चालला. २०१९ च्या मार्चमध्ये, फायनल इयरचा प्रोजेक्ट एडिट करताना, 'फट्' असा आवाज आला आणि जळका वास सुटला. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोघांना सोबत घेऊन गेला. माझी डॉक्युमेंटरी मारबतीवर होती. काळी आणि पिवळी मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, वर्षातून एकदाच. गर्दीत घुसून, लोकांच्या गॅलऱ्यांत चढून शूट केलेलं सगळं फुटेज त्या एकाच डिस्कवर. कॅमेऱ्याचं कार्ड कॉलेजचं, ते केव्हाच पुसून दुसऱ्या ग्रुपला दिलेलं. बॅकअप? तेव्हा तो शब्द मी फक्त परीक्षेत लिहीत असे. १० दिवसांत भलत्याच विषयावर काहीतरी जोडून सबमिट केलं, कसेबसे मार्क मिळाले. बाबा एका शब्दाने काही बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तर हा एसएमपीएस म्हणजे नक्की काय भानगड? तुमच्या भिंतीतल्या प्लगमधून येते २३० व्होल्टची एसी वीज. कॉम्प्युटरच्या आतल्या नाजूक मंडळींना लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी. मधला हा डबा ते रूपांतर करतो. चांगल्या डब्यात काही बिघडलं तर तो स्वतः बंद पडतो, पुढच्यांना वाचवतो. स्वस्त डब्यात नेमकी ही सुरक्षेची सर्किटंच कापलेली असतात. वर ५०० वॉटचा स्टिकर असतो, पण स्टिकर लावायला काय लागतं? घराच्या पायासारखं आहे हे. पाहुण्यांना दाखवता येत नाही, म्हणून कुणी त्यात वाळू भरत नाही.

बंधुराजांना मी मारबतीची स्टोरी सांगितली. तो गप्प झाला. मग आम्ही दोघांनी बसून लिस्ट नव्याने लिहिली. पहिला फंडा, मशीन कशासाठी हवंय? कोडिंग, कॉलेजचे प्रोजेक्ट, अधूनमधून गेम. दुसरा, आज काय लागतं आणि उद्या काय जोडता येतं? डेस्कटॉपची खरी मजा इथेच आहे. लॅपटॉपमध्ये बहुतेक गोष्टी कायमच्या चिकटवलेल्या असतात, इथे एकेक खोली नंतर वाढवता येते. (होस्टेलवर राहणाऱ्यांनी मात्र हा नाद करू नये. दर सुट्टीत मॉनिटर काखोटीला मारून एसटीत चढायचं असेल तर गोष्ट वेगळी.)

म्हणून ग्राफिक्स कार्ड सध्या कट. त्याऐवजी रायझन ५ ५६००जी, ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे. ६ कोअर, अभ्यासाला भरपूर. रॅम १६ जीबी, पण एक मोठी पट्टी न घेता ८-८ च्या दोन, कारण पोटातलं ग्राफिक्स रॅमच उधार घेऊन चालतं आणि दोन पट्ट्या असल्या की येण्या-जाण्याला दोन रस्ते मिळतात. एसएसडी, ५५० वॉटचा नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस आणि एक यूपीएस. मॉनिटर काकांच्या ऑफिसमधून आलेला जुना. कॅबिनेट जाळीचं, साधं, काळं. नागपुरात राहून काचेची पेटी घेणं म्हणजे मे महिन्यात स्वेटर घालणं. पंखा कितीही भारी असो, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. बाहेर ४५ आणि खोलीत ३८ असेल तर सुरुवातच ३८ पासून. हा प्रोसेसर ९५ अंशांच्या घरात गेला की स्वतःहून वेग कमी करतो. आणि हो, कूलरच्या ओल्या झोतासमोर मशीन ठेवू नका. माणसाला ते सुख असतं, मदरबोर्डला नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही बर्डीला निघालो. आणि गंमत म्हणजे, बाबा तयार होऊन बसलेले. "मीही येतो." रिटायर झाल्यापासून ते कुठल्याच गर्दीत जात नाहीत. हातात तीच कापडी पिशवी.

दुकानात बंधुराजांनी लिस्ट काढायच्या आत बाबांनी काउंटरवरच्या पोराला विचारलं, "एसएमपीएस कोणकोणते आहेत? वॉरंटी किती वर्षं? आणि वरचा स्टिकर नको वाचू, बारा व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर देतो ते दाखव."

मी अवाक! पोरगाही अवाक. "काका, तुम्ही याच लाइनमध्ये होते का?"

"नाही," बाबा म्हणाले, "एकदा फसलो होतो."

खरा शॉक रॅमच्या भावाने दिला. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्याही वर गेले, हे तुम्ही वाचलं असेल. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्यात कंपन्या गुंतल्या आणि तुमच्या-माझ्या वाट्याची कमी झाली. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने आपला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कुठल्या तरी देशात कुणीतरी चॅटबॉटला कविता लिहायला सांगतो आणि इकडे मावशीची भिशी हलकी होते. ग्लोबलायझेशन म्हणतात ते हेच!

मग आला तो सुप्रसिद्ध सवाल. "बिल पायजे का बिना बिल?" १८ टक्के जीएसटी वाचतो, मोह होतोच. पण पक्कं बिल नसेल तर वॉरंटी मागायला कुठल्या तोंडाने जाणार? बिल घ्या, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. सेकंडहँड ग्राफिक्स कार्डचं एक गाजरही दाखवून झालं. त्यालाही नम्र नकार. क्रिप्टोच्या खाणीत दिवसरात्र राबवलेली कार्डं २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलल्यावर जगभर बाजारात आली, आणि कार्डाच्या चेहऱ्यावरून त्याचा भूतकाळ कळत नाही. ३०० रुपयांत 'विंडोज टाकून देतो' हेही नको. त्याने उबुंटू टाकायचं ठरवलं, फुकट आणि चोख.

परतीच्या मेट्रोत बंधुराज खोकी मांडीवर घेऊन बसलेले, जणू बारशाला निघालेत. शंकर नगरच्या आसपास बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते ९०० रुपये मी वाचवायला नको होते."

"बाबा, ते मी वाचवले होते. लाइटसाठी."

"पैसे कुणी दिले होते? मग चूक कुणाची?"

मी काय बोलणार? इतकी वर्षं मला वाटत होतं की ते माझ्यावर चिडून गप्प आहेत. आणि हा माणूस इतकी वर्षं स्वतःवर चिडून एसएमपीएसचा अभ्यास करत होता! सुभाष नगर येईपर्यंत आम्ही दोघंही मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत असल्याचं नाटक केलं.

रविवारी मावशीच्या डायनिंग टेबलवर ऑपरेशन सुरू झालं. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाला जुळवायचा आणि अलगद ठेवायचा. दाबायचं नाही, या प्रोसेसरच्या पिना एकदा वाकल्या की संपलं. बंधुराजांचा हात थरथरत होता, मावशीचा श्वास अडकलेला, पोहे थंड. २ तासांनी बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी.

पाच मिनिटं. काळीच. पोरगा रडायच्या बेतात. मावशी म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, आयता घेऊ."

तेव्हा बाबांनी खुर्ची ओढली. "तुला विजय भटकर माहीत आहेत? आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. इथल्याच व्हीआरसीईत शिकले, आताचं व्हीएनआयटी. अमेरिकेने भारताला हवा तो सुपरकॉम्प्युटर दिला नाही. आयता मिळत नाही म्हटल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक काढलं आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. एकच राक्षसी प्रोसेसर नव्हता त्यांच्याकडे. बाजारात मिळणारे छोटे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडले आणि सगळ्यांना एकाच वेळी कामाला लावलं. तोही असेंबल्डच म्हणायचा एका अर्थी. त्यांना काय पहिल्या बटणात चालू झाला असेल? रॅम काढ. परत बसव."

माझ्या लहानपणी 'असेंबल्ड' हा शब्द लोक जरा आवाज खाली करूनच म्हणायचे. ब्रँडेड घ्यायची ऐपत नाही, असा त्याचा अर्थ. खरं तर १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारातल्या दुसऱ्यांच्या सुट्या भागांतून बनवला, त्याची तांत्रिक माहिती छापून खुली केली आणि तिथूनच आजची ही सोय आली, की बोर्ड एकाचा, रॅम दुसऱ्याची, तरी संसार सुखाचा. दोन घराण्यांचं कॅबिनेटमध्ये जमतं, लग्नात का जमत नाही देव जाणे.

पोराने पट्ट्या काढल्या. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पुन्हा ठेवल्या, या वेळी दोन्ही टोकांना 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबल्या. बटण. ३० सेकंद. आणि स्क्रीनवर अक्षरं! मावशीने आधी देवाला हात जोडले, मग कॅबिनेटला.

उबुंटू टाकून झालं, एका वेगळ्या डिस्कवर बॅकअप कसा घ्यायचा हे मी त्याला तीनदा करायला लावलं. (या विषयात माझी पीएचडी आहे.) निघताना बाबांनी कापडी पिशवीतून एक छोटं खोकं काढलं आणि बंधुराजांच्या हातात ठेवलं. कॅबिनेटचा पंखा. निळ्या लाइटचा.

मी म्हटलं, "बाबा! हे काय?"

"पाया पक्का झाला ना?" ते चपला घालत म्हणाले. "मग आता दिवा लावायला काय हरकत आहे!"