विश्लेषण : बोआच्या पिल्लाला भुकेपेक्षा जेवणच का बाधते?

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जातो. माणसे स्वेटर काढतात. काचेच्या पेटीत ठेवलेल्या बोआ कन्स्ट्रिक्टरच्या पिल्लाकडे स्वेटर नसतो आणि शरीर आतून गरम ठेवण्याची सोयही नसते. अशा वेळी दोन दिवसांपूर्वी गिळलेला उंदीर ते अर्धवट सडलेल्या अवस्थेत बाहेर टाकते. मालकाला वाटते, पिल्लू उपाशी राहिले. तो लगेच दुसरा उंदीर देतो आणि खरा धोका इथूनच सुरू होतो.

बोआ म्हणजे आपला अजगर का?

नाही. बोआ मूळचा मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या पट्ट्यातला. तो बिनविषारी आहे आणि भक्ष्याला आवळून मारतो, एवढे साम्य खरे. पण अजगर अंडी घालतो, तर बोआची मादी थेट पिल्लांना जन्म देते. ही पिल्ले साधारण दीड फुटाची असतात आणि पहिली कात टाकेपर्यंत बहुधा काही खात नाहीत. आपल्याकडे बोआचा जवळचा नातलग म्हणजे मांडूळ. अजगर, मांडूळ किंवा धामण असा कोणताही देशी साप घरी पाळणे हा गुन्हा आहे. बोआसाठीचे नियम वेगळे आहेत, त्याकडे पुढे येऊ.

पचन इतके नाजूक का?

आपले पोट सतत चालू असते. बोआ, अजगर यांच्यासारखे क्वचित जेवणारे साप दोन जेवणांच्या मधल्या काळात ही यंत्रणा जवळजवळ बंद ठेवतात. जठरात आम्ल तयार होणे थांबते, आतडे आक्रसते. भक्ष्य पोटात गेले की सगळे नव्याने सुरू होते. बर्मी अजगरावरील प्रयोगांत जेवणानंतर एक-दोन दिवसांत आतड्याचे वजन दुपटीच्या आसपास गेल्याचे आढळले. हे काम करायला ऊर्जा लागते आणि उष्णता बाहेरून घ्यावी लागते.

म्हणजे शर्यत आहे ती आम्ल आणि जिवाणू यांच्यात. पेटीच्या गरम कोपऱ्यात ३० ते ३२ अंश तापमान असेल, तर आम्ल जिंकते. ते २०-२२ अंशांवर आले की पचन रेंगाळते, पोटातला उंदीर आतून कुजू लागतो आणि साप तो बाहेर फेकतो. पुण्यातल्या बंद घरात हिवाळ्यात २०-२२ अंश सहज असतात. त्यात रात्री वीज गेली की हीटिंग पॅड बंद. वायफायच्या राउटरला यूपीएस लावणारे आपण, पॅडला मात्र लावत नाही! उलट टोकही वाईटच. थर्मोस्टॅटशिवाय चालणारा पॅड सापाला भाजतो आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात पेटीची भट्टी होते.

किती आणि कधी द्यावे?

भक्ष्य पिल्लाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढेच हवे, किंवा त्याहून थोडे बारीक. दोन जेवणांत ७ ते १४ दिवसांचे अंतर ठेवावे. लवकर मोठा व्हावा म्हणून दर तीन-चार दिवसांनी खाऊ घालणे ही हौशी मालकांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून द्यावा. आत गार राहिलेले भक्ष्य पोटातच सडते. जिवंत उंदीर सापाला चावून जखमी करू शकतो, म्हणून तोही टाळावा. जेवणानंतर किमान ४८ तास पिल्लाला हातात घेऊ नये, मग रील काढायची कितीही घाई असो.

दुधाचे काय? नागपंचमीची सवय इथे कामाची नाही. तहानलेला साप दूध पिईल, पण ते त्याचे अन्न नव्हे. चिकनचे तुकडेही नकोत, कारण उंदीर अख्खा जातो तेव्हाच हाड, यकृत आणि त्यांतले कॅल्शियम मिळते.

उलटी झालीच तर?

उलटीबरोबर पाणी, क्षार आणि आम्लही जाते. म्हणून स्वच्छ पाणी ठेवून, तापमान तपासून १० ते १४ दिवस काहीच देऊ नये. नंतरचे पहिले भक्ष्य नेहमीच्या निम्म्या आकाराचे असावे. चूक सुधारूनही पुन्हा उलटी झाली, तर घरगुती उपाय थांबवावेत. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे जठर सुजते. 'इन्क्लुजन बॉडी डिसीज' हा विषाणूजन्य आजार तर बोआमध्ये कुप्रसिद्ध आहे. त्याच्याशी निगडित रेप्टअरेनाव्हायरसची ओळख २०१२ मध्ये पटली, पण इलाज अजून नाही. वरून ठणठणीत दिसणारा बोआही तो वर्षानुवर्षे बाळगू शकतो. त्यामुळे नवा साप काही महिने वेगळ्या पेटीत ठेवणे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला दाखवणे गरजेचे आहे.

मग मालक डॉक्टरकडे का जात नाहीत?

एक कारण कागदपत्रांचे असावे. बोआ हा आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'सायटिस' करारात नोंदलेला साप आहे. २०२२च्या दुरुस्तीने अशा प्रजाती वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. २८ फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार त्यांची नोंद 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. पिल्ले झाली किंवा प्राणी मेला, तरी कळवावे लागते.

दुसरीकडे तस्करी सुरूच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे खाद्यपदार्थांच्या पाकिटांत दडवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. अशा मार्गाने आलेल्या पिल्लाचा आजार कुणाला दाखवायचा, हा प्रश्न विकत घेणाऱ्याला पडतोच. प्रवासात थंडी आणि ताण सोसलेले हे पिल्लू घरी येते, त्याच संध्याकाळी त्याला उंदीर दिला जातो. खरे तर त्याला आधी आठवडाभर उबदार, शांत जागा आणि पाणी हवे असते.

सांभाळणे झेपत नाही म्हणून बोआ कात्रज किंवा सिंहगडाच्या जंगलात सोडणे हा पर्याय नाही. थंडीत तो मरेल आणि जगलाच तर आजार तिथल्या सापांना देईल. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.