लेजंड, लेजंड आणि लेजंड

मंडळी, ‘लेजंड’ या शब्दाला आता थोडी सक्तीची रजा द्यायला हवी. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक पाहुण्याला लेजंड म्हणतात, पाहुणे परीक्षकाला. आमचे नातूसाहेब तर वडापाव आणणाऱ्या मित्रालाही ही पदवी बहाल करतात!

मूळ लॅटिन ‘लेजेंडा’, म्हणजे वाचायच्या गोष्टी. तेराव्या शतकात इटलीतल्या एका धर्मगुरूने ख्रिस्ती संतांची चरित्रे लिहिली, त्यांना ‘लेजेंडा ऑरिया’ नाव पडले. विल्यम कॅक्स्टनने ती १४८३ साली इंग्रजीत छापली. म्हणजे आपली पोथीच की! महिपतींचा १७६२ चा ‘भक्तविजय’ चातुर्मासात लावायचे, एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. (नकाशातल्या खुणांच्या सूचीलाही इंग्रजीत लेजंडच म्हणतात. तीही वाचायचीच असते.)

वर्तमानपत्रवाले याहून पुढचे. ते ‘दंतकथा बनलेला खेळाडू’ लिहितात. अहो, मराठीत दंतकथा म्हणजे ऐकीव गोष्ट, खरी असेलच असे नाही. त्या बिचाऱ्याने धावा तर खऱ्याच काढल्या होत्या ना?

माझा खरा राग वेगळाच आहे. लेजंड म्हटले की गोष्ट सांगायची जबाबदारी संपते. भीमसेन जोशींचे नाव निघते, सगळे कानाला हात लावतात, ‘लेजंड!’ म्हणतात आणि कार्यक्रम पुढे सरकतो. १९३३ साली अकरा वर्षांचा एक मुलगा गुरूच्या शोधात गदगहून घर सोडून निघाला, हे त्या स्पर्धेतल्या पोरांना सांगायचे कोणी? आणि वडापाववाल्या मित्राला नुसते ‘शाब्बास’ म्हणायला काय हरकत आहे?